कुटुंबाच्या सहली आणि घरातले प्रसंग लिहून ठेवायचे आहेत. सुरुवात कुठून करू?

मोठ्या सहलीची वाट बघू नका. नागपूरकराला रामटेकही पुरे: जेमतेम ५० किलोमीटर, सकाळी निघून संध्याकाळी घरी. गडावर दर्शन घेतलं, खिंडसीला बोटीत बसलो, एवढं तर फोटोही सांगतात. तुम्ही फोटोत न येणारं लिहा. पायऱ्या चढताना आजी कुठे टेकली, टेकल्यावर माहेरची कोणती गोष्ट निघाली. वानराने हातातला प्रसाद ओढून नेला तेव्हा धाकट्याने विचारलं, "आजी, याची आई याला रागवत नाही का?" असं वाक्य त्याच रात्री, जसंच्या तसं उतरवा. दोन दिवसांनी त्याचे शब्द जाऊन तुमचे येतात.

ताडोबा मंगळवारी बंद असतं, हे कुठेही वाचायला मिळतं. एरवी घर डोक्यावर घेणारे बाबा जिप्सीत तासभर कसे गप्प बसले, ते तुमच्याशिवाय कोण लिहिणार?

खर्च आणि गाडीच्या वेळा एका ओळीत टिपा, पुढच्या वेळी कामी येतात. आणि बाहेरच्यांना वाचायला देणार असाल तर घरच्यांना आधी विचारा. मुलांची शाळा, घराचा पत्ता मात्र गाळाच.