दोघींनाही कापूस, मग सावर कपाशीच्या फांदीवर का नाही?

प्रश्न : मी यावलजवळची, बीएस्सीला आहे. प्रोजेक्टसाठी शेतातली कपाशी, भेंडी, अंबाडी आणि बांधावरची काटेसावर यांचा वंशवृक्ष काढायचाय. कपाशी आणि सावर मी एका फांदीवर ठेवल्या, दोघींनाही कापूस येतो म्हणून, तर सरांनी खोडून टाकलं. असं का?

उत्तर : ताई, सरांचं बरोबर आहे. आधी कापूस कुठून निघतो ते बघा. कपाशीचं बोंड फोडलं की धागा सरकीलाच धरून असतो, ओढला तरी लवकर सुटत नाही, म्हणून तर जिनिंगला न्यावा लागतो. सावरीचं बोंड उकललं तर कापूस फळाच्या आतल्या सालीवर वाढलेला दिसतो, बिया नुसत्या त्यात गुंडाळलेल्या, झटकल्या की पडतात. म्हणजे कापूस दोघींकडे आपापला आलाय, एका पूर्वजाकडून नाही, मग त्यावरून नातं कसं जोडणार?

नातं जोडायचं ते पूर्वजात नव्यानं आलेल्या आणि पुढे सगळ्यांनी उचललेल्या खुणेवर. विली हेनिग या जर्मन कीटकतज्ज्ञानं १९५० मध्ये हीच गोष्ट नीट मांडली. खूण नवी की जुनी हे ठरवायला थोडं लांबचं झाड सोबत घ्या, फालसा चालेल. फालश्याच्या परागकोषाला दोन कप्पे, ही जुनी स्थिती, तुमच्या चौघींच्या परागकोषाला एकच, ही नवी खूण, म्हणून फालसा बाहेर आणि सावर आत, सावर नात्यातलीच आहे पण कापसामुळे नाही. आता सकाळी भेंडीचं फूल उभं चिरा, पुंकेसर जुळून नळी झालीय आणि तिच्या मधून कुक्षीवृंत वर आलाय. तसंच कपाशीत, अंबाडीत. सावरीत मात्र पुंकेसरांचे जुडगे. झाली तिघींची फांदी.

आता एक सांभाळा. सरकी चिरली की आत काळे ठिपके दिसतात, त्या गॉसिपॉल या कपाशीतल्या विषारी द्रव्याच्या ग्रंथी. भेंडी-अंबाडीत त्या नाहीत, पण नसणं ही जुनीच स्थिती आहे, तेवढ्यावरून त्या दोघींना एकत्र बांधू नका, मुलं हमखास इथंच चुकतात. त्या दोघी जवळच्या आहेत हे खरं, पण त्याला डीएनएचा आधार द्या. लिनियस या स्वीडिश वनस्पतितज्ज्ञानं १७५३ मध्ये भेंडीला हिबिस्कस म्हणजे अंबाडीच्याच वंशात घातलं होतं, नंतर तिला वेगळी काढली, आणि डीएनए तपासल्यावर ती परत हिबिस्कसच्या फांद्यांमध्येच जाऊन बसली.