चाळीस पानांत आपला पार्ट कुठे आहे?

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत वडिलांनी उभं केलेलं आमचं वर्कशॉप आहे. सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या मशीनवर, दुचाकीच्या इंजिनाचे पार्ट काढतो. ऐंशी टक्के माल एकाच कंपनीला जातो. पुढच्या पाच वर्षांचं नियोजन करायचं म्हणून सल्लागार नेमला. त्यांनी बाह्य वातावरणाचे राजकीय, आर्थिक, सामाजिक, तांत्रिक असे रकाने पाडून चाळीस पानं दिली. त्यात चूक काही नाही, पण त्यावरून नवं मशीन घ्यावं की नाही, हे कळत नाही. काय करू?
— एक वाचक, भोसरी

उत्तर : ती पानं जपून ठेवा. त्यात तुमच्या एकाही पार्टचं नाव नाही, आणि ते तुम्हालाच भरावं लागेल.

मी बावीस वर्षं एका वाहन कंपनीत व्हेंडर डेव्हलपमेंटला, म्हणजे पुरवठादार घडवण्याच्या कामाला होतो. आमचे एक पुरवठादार कार्बोरेटरचे पितळी जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्राचे पार्ट, काढायचे. काम इतकं नेटकं, की त्यांचा लॉट कधी रिजेक्ट झाला नाही. बीएस-६ या वाहनांच्या धुरावरच्या नियमाची घोषणा जानेवारी २०१६ची, अंमल १ एप्रिल २०२०चा. मध्ये चार वर्षं होती. नव्या नियमाने बहुतेक दुचाकींतला कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. बातमी त्यांनीही वाचली होती. पण ती ‘उत्सर्जन मानकं’ म्हणून छापून आली. ‘तुमचं जेट बंद होणार’ असं त्यांना कुणी सांगितलं नाही. मीही नाही. त्यांना शेड भाड्याने द्यावी लागली, हे मला आजही लागतं.

तर आधी पार्टांची यादी करा. इलेक्ट्रिक स्कूटरला व्हॉल्व्ह गाइड आणि पिस्टन पिन हे इंजिनातले पार्ट लागत नाहीत. ब्रेक आणि सस्पेन्शनचे पार्ट लागतात. न लागणाऱ्या पार्टांवर तुमची किती विक्री उभी आहे, तो आकडा काढा. घाबरून मात्र सगळं सोडू नका. १ जून २०२३ला ई-दुचाकींचं केंद्राचं अनुदान घटलं. २२ सप्टेंबर २०२५ला ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी २८वरून १८ टक्के झाला. ही दोन्ही पावलं पेट्रोल दुचाकींच्या बाजूची. वारं दोन्ही बाजूंनी वाहतं, म्हणून वाहन नियमांच्या मसुदा अधिसूचना, म्हणजे नियम पक्का होण्याआधीचे सरकारी कच्चे खर्डे, हरकतींच्या मुदतीतच वाचत जा.

मला खरी काळजी त्या ऐंशी टक्क्यांची वाटते. व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल पोर्टर यांनी १९७९मध्ये स्पर्धेची पाच बळं मांडली, त्यात ग्राहकाची ताकद हे एक. तुमच्या चार रकान्यांत तो ग्राहकच नाही. पर्चेसला रेट विचारायला जाताच. या खेपेला डिझाइन विभागातल्या माणसाला भेटा आणि पुढच्या मॉडेलच्या ड्रॉइंगमध्ये आपला पार्ट आहे का, ते विचारा. मशीनच्या कर्जावर सही त्यानंतर.