टेक्सटाइल डिझाइनच्या शेवटच्या वर्षातील प्रकल्पाकडे आज पाहताना त्यातले काय मोलाचे वाटते?

तुम्हाला या वर्षी सरफेस पॅटर्नच्या, म्हणजे कापडासारख्या पृष्ठभागावरील नक्षीच्या, प्रकल्पासाठी विषय निवडायचा आहे आणि ज्यांनी असा प्रकल्प पूर्ण केला आहे त्यांना त्यातून नेमके काय मिळाले, असे तुम्ही विचारले आहे. माझा प्रकल्प मुंबईतील जुन्या इमारतींमधल्या रंगीत सिमेंटच्या फरशांवर आधारलेला होता आणि त्या नक्षीवरून सुती साडीसाठी लाकडी ठसे तयार करायचे होते. त्या कामाने मला जे शिकवले ते एका वाक्यात सांगता येईल: एकेक आकृती कितीही सुंदर काढली, तरी दोन आकृत्या एकमेकींना भेटतात त्या सांध्यावरच नक्षीचे भवितव्य ठरते.

गिरगाव, दादर, माटुंगा या भागांतील जुन्या घरांत या फरशा अजूनही पाहायला मिळतात. १९२२ मध्ये सिधवा कुटुंबाने ‘भारत टाइल्स’ ही फरशांची कंपनी सुरू केली, तेव्हा आयात फरशांना स्वदेशी पर्याय देण्याची प्रेरणा त्यामागे होती. या फरशा भट्टीत भाजत नाहीत. लोखंडी साच्यात धातूच्या पट्ट्यांची जाळी ठेवून तिच्या एकेका खणात रंगीत सिमेंट ओततात, जाळी अलगद उचलतात, वर साधे सिमेंट भरून सगळे यंत्राने दाबतात आणि मग फरशी पाण्यात मुरवतात. रंगाचा थर काही मिलिमीटर जाड असल्यामुळे कित्येक दशके पावले पडूनही नक्षी पुसली जात नाही. साधारण आठ इंचांच्या एका फरशीवर पुष्कळदा फुलाचा चतुर्थांशच असतो. चार फरशा वळवून लावल्या की फूल पूर्ण होते, आणि त्याच चार फरशा वेगळ्या दिशेने वळवल्या की कोपऱ्यात दुसराच तारा उमलतो. दोन दिशांनी पुनरावृत्त होणाऱ्या सपाट नक्षीचे सममितीनुसार १७ च प्रकार संभवतात, हे रशियन शास्त्रज्ञ फेदोरोव्ह यांनी १८९१ मध्ये सिद्ध केले. हे वाचून माझी भीती बरीच ओसरली, कारण शक्यता अगणित नाहीत आणि त्या एकेक करून कागदावर तपासता येतात, हे त्यातून कळले.

खरी परीक्षा ठशापाशी सुरू झाली. आमचे ठसे गुजरातमध्ये गांधीनगरजवळच्या पेथापूर गावात सागवानात कोरले गेले. ठसे कोरण्यासाठी हे गाव फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. फरशीएवढा ठसा दिवसभर उचलून छापायला जड पडतो, म्हणून आकार कमी करावा लागला. पण त्याहून अवघड प्रश्न कडेचा होता. फरशीचे सांधे सरळ असले तरी डोळ्याला खटकत नाहीत, कारण जमीन तुकड्यांनी बनलेली असते हे आपण धरूनच चालतो. कापड मात्र अखंड असते. चौकोनी ठसा केसभर दूर पडला तर पांढरी रेघ राहते, केसभर चढला तर गडद रेघ उमटते, आणि पाच-साडेपाच मीटर कापड लांबून पाहिले की फुलांऐवजी चौकटींचे जाळेच आधी नजरेत भरते. छपाई करणाऱ्या कारागिरांनी यावर सांगितलेला उपाय असा होता, की ठशाची कड सरळ न ठेवता पाकळीच्या बाह्यरेषेवरून वळवत न्यावी, म्हणजे एका ठशाची फुगीर बाजू शेजारच्या ठशाच्या खाचेत बसते आणि सांधा अशा रेषेवर येतो जी नक्षीत एरवीही असणारच होती. माझ्या मते संपूर्ण प्रकल्पातील सर्वांत हुशार निर्णय हाच होता आणि तो त्यांचा होता, म्हणून अहवालात मी तो त्यांच्याच नावाने नोंदवला.

रंगांच्या बाबतीत एक सुंदर योगायोग हाती लागला. सिमेंटच्या फरशीतला तांबडा, पिवळा आणि काळा रंग बहुधा लोखंडाच्या ऑक्साइडचा असतो. कापडावरचा काळाही लोखंडाचाच: कापडाची खळ काढून ते हिरड्याच्या पाण्यातून काढतात, आणि गूळ व गंजके लोखंड पाण्यात काही दिवस आंबवून केलेल्या द्रावणात चिंचोक्याचे पीठ घालून त्याने ठसा छापला, की हिरड्यातील टॅनिन या तुरट द्रव्याशी लोखंडाचा संयोग होऊन काळा रंग उमटतो. जिथे तुरटी छापलेली असते तिथे मंजिष्ठा या वनस्पतीच्या मुळांच्या उकळत्या पाण्यात लाल रंग चढतो. मात्र लोखंडाचे प्रमाण जास्त झाले तर सुती कापड काही वर्षांत तिथेच विरते, त्यामुळे काळ्याचा वापर बाह्यरेषेपुरता ठेवणे हिताचे असते.

साडीची निरी वीतभराहून अरुंद असते. त्यामुळे टेबलावर पसरलेल्या कापडावर भरदार दिसणारे फूल निऱ्यांमध्ये अर्धे मुडपते, तर पदरावर तेच पूर्ण उलगडते. म्हणून अंगावर बारीक नक्षी आणि पदरावर मोठी नक्षी, अशी विभागणी आम्ही केली. संगणकाच्या पडद्यावर हे कधीच कळले नसते.

तुम्हाला माझे सांगणे असे की विषय एकच आणि हाताला लागणारा निवडा, ज्याच्याजवळ तुम्ही वरचेवर जाऊ शकाल. पहिले नमुने स्वस्त मांजरपाटावर छापा, ते भिंतीवर टांगून दहा-बारा फुटांवरून डोळे किलकिले करून पाहा, मग चुण्या घालून पाहा; नको असलेले आडवे-तिरके पट्टे दिसत असतील तर ते याच वेळी दिसतात. प्रत्येक नमुन्याचा तुकडा वहीत शिवून शेजारी रंगाचे प्रमाण, कापडाची जात आणि धुतल्यानंतरचा फरक लिहा. परीक्षकांसमोरच्या मांडणीवर विद्यार्थी फार वेळ घालवतात, पण नोकरीच्या मुलाखतीत माझी ही वहीच सर्वांत जास्त चाळली गेली. कारागिरांकडून काम करून घेणार असाल, तर त्यांची मजुरी आणि श्रेय दोन्ही काम सुरू होण्यापूर्वीच स्पष्ट ठरवा, आणि ठसे कोरायला देण्याआधी कडेची रेषा त्यांच्यासोबत बसून निश्चित करा.