गरम हवेचे लोखंड

प्रश्न : शिवाजी उद्यमनगरातील एका फाउंड्रीत माझ्या वडिलांनी बरीच वर्षे क्युपोलावर, म्हणजे लोखंड वितळवण्याच्या उभ्या भट्टीवर, काम केले. अमेरिकेतील डेव्हिड थॉमस यांना तेथील अँथ्रासाइट लोखंडाचे जनक म्हणतात, असे वाचनात आले. लोखंड तर तिकडे दोनशे वर्षे आधीपासून बनत होते; मग या गृहस्थांनी नवे काय केले?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे. मॅसॅच्युसेट्समधील सॉगस येथे १६४६ च्या सुमारास झोतभट्टी, म्हणजे हवेच्या झोतावर खनिजातून लोखंड काढणारी भट्टी, सुरू झाली होती. मात्र ती आणि तिच्यामागून आलेल्या बहुतेक भट्ट्या लोणारी कोळशावर चालत, आणि भोवतालचे जंगल तुटत गेले की कोळसा दुरून आणावा लागे. पेनसिल्व्हेनियात अँथ्रासाइट हा कठीण दगडी कोळसा मुबलक होता; अडचण एवढीच, की तो लवकर पेट घेत नाही आणि थंड हवेचा जोरदार झोत बसला की पेटलेलाही मंदावतो. क्युपोलाच्या ट्वियरसमोर, म्हणजे हवा आत सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी, थंड हवेने मळी (वितळलेला टाकाऊ मळ) गोठून काळी पडलेली आपल्या वडिलांनी अनेकदा पाहिली असेल. दुखणे साधारण त्याच जातीचे होते.

त्यावरचा उपाय, म्हणजे हवा भट्टीत सोडण्यापूर्वीच तापवून घेणे, थॉमस यांचा नव्हे. त्याचे पेटंट स्कॉटलंडच्या जेम्स नीलसन यांनी १८२८ मध्ये घेतले होते. थॉमस यांनी वेल्समध्ये जॉर्ज क्रेन यांच्या कारखान्यात १८३७ मध्ये हा उपाय अँथ्रासाइटला लावून दाखवला, आणि त्या बळावर पेनसिल्व्हेनियाच्या लीहाय खोऱ्यातील एका कंपनीने त्यांना १८३९ मध्ये अमेरिकेत बोलावून घेतले.

येथे एक गंमत घडली. हवा फुंकण्याच्या यंत्राची मोठी सिलिंडरे इंग्लंडात तयार झाली खरी, पण जहाजाच्या तळघराच्या तोंडातून ती आतच जाईनात, म्हणून मागे ठेवावी लागली. शेवटी फिलाडेल्फियातील एका कारखान्याने आपले बोअरिंग यंत्र मोठे करून ती नव्याने बनवून दिली. त्याच खोऱ्यातील कॅटासॉक्वा येथील थॉमस यांच्या भट्टीतून ४ जुलै १८४० रोजी पहिला रस बाहेर आला आणि सुमारे चार टन लोखंड मिळाले.

‘जनक’ हा शब्द मला थोडा सढळ हाताने वापरलेला वाटतो, कारण पॉट्सव्हिल येथील भट्टीत अँथ्रासाइटचे लोखंड त्याच्या काही महिने आधीच निघाले होते. थॉमस यांची भट्टी मात्र टिकली, तिच्या शेजारी आणखी भट्ट्या उभ्या राहिल्या, आणि प्रयोग होता त्याचा धंदा झाला. १८५५ मध्ये अमेरिकेतील अँथ्रासाइटच्या लोखंडाने लोणारी कोळशाच्या लोखंडाला मागे टाकले. पुढे वीसेक वर्षांत त्यालाही मागे सारले ते कोकने, म्हणजे दगडी कोळसा हवेविना भाजून केलेल्या इंधनाने. आपल्या वडिलांच्या क्युपोलात जळत असे, तोच हा हार्ड कोक.