नांगराच्या विंचची निवड

प्रश्न : मी नागपूरचा असलो तरी माझी लहान शिडाची नौका मुंबईत असते. पाठदुखीमुळे नांगर हाताने ओढवत नाही. किती ताकदीचा विंच घ्यावा?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : नांगर आणि साखळी यांच्या एकूण वजनाच्या सुमारे तिप्पट ओढ असलेला विंच घ्यावा, ८ मिमी साखळी मीटरला साधारण १.४ किलो भरते, म्हणजे ३० मीटर साखळी आणि १० किलोचा नांगर धरल्यास ही ओढ १५६ किलो होते. मात्र साखळीची कडी विंचच्या चाकाच्या खाचेत नेमकी बसणे मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण कडी निसटली की साखळी सुसाट सुटते आणि जवळ असलेली बोटे चिरडू शकतात. विजेचा विंच चालवताना इंजिन सुरू ठेवावे. नांगरलेल्या नौकेचा ताण विंचवर न ठेवता दोरीने डेकवरील खुंट्यावर घ्यावा.