उत्तर: आंबोलीच्या बुश फ्रॉगचे दोन आवाज, नवी प्रजात असेल का?

तुमची पोस्ट वाचून हसूच आलं, तुमच्यावर नाही हो, स्वतःवर. जूनच्या सुरुवातीला रेकॉर्ड केलेला बुश फ्रॉग (झुडपांत राहणारा छोटासा बेडूक) भराभर टिकटिकतोय, जुलैत त्याच वळणावरचा सावकाश, दिसायला दोन्ही सेम टू सेम, मग ही नवी प्रजात का, आणि नुसत्या आवाजाने प्रजाती वेगळ्या होतात तरी कशा, असं विचारलंय तुम्ही. हाच प्रश्न घेऊन मी दोन पावसाळे वेड्यासारखा फिरलोय. (मी शास्त्रज्ञ नाही, बँकेतली नोकरी सांभाळून बेडकांच्या मागे जाणारा माणूस आहे, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.) नर मादीला बोलवायला ओरडतो आणि मादी हाक ऐकून नर निवडते हे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडून देतो.

आधी एक सांगा, त्या दोन्ही रात्रींचं तापमान लिहून ठेवलंय का?

मी नव्हतं ठेवलं. बॅटरी, जळवांसाठी तंबाखूचं पाणी, रेनकोट, सगळं घेतलं होतं, २०० रुपयांचा थर्मामीटर तेवढा नाही. माझ्या जूनच्या फाईलमध्ये १० सेकंदांत ३१ टिक, जुलैच्या फाईलमध्ये २२. झालं, मी हवेत. ओळखीच्या सगळ्यांना सांगून टाकलं, मनातल्या मनात आजीच्या गावावरून नावसुद्धा ठेवलं, आणि एका निसर्गमंडळाच्या बैठकीत स्पेक्ट्रोग्राम (आवाजाचं चित्र) दाखवत असताना मागून एका कॉलेजच्या पोरीने शांतपणे विचारलं, "दोन्ही वेळी टेम्परेचर किती होतं, काका?" मला घाम फुटला.

बेडूक थंड रक्ताचा, आवाज काढायचा तो स्नायूंच्या जोरावर, आणि गारठ्यात स्नायू मंदावतात, एवढं साधं आहे ते. पावसाआधीच्या उकाड्यातली रात्र आणि आठवडाभर झोडपून काढल्यानंतरची रात्र यांत चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्याने टिकटिक कुठल्या कुठे जाते.

मग चूक निस्तरायला मी एका सरकारी कचेरीत गेलो, म्हटलं त्या दोन रात्रींची नोंद तरी मिळेल. पहिल्या खेपेला साहेब मीटिंगला, दुसऱ्या खेपेला "अर्ज करा, आवक नंबर घ्या", तिसऱ्या खेपेला अर्जच सापडेना, चौथ्या खेपेला "बेडकांसाठी तापमान? कशाला?" असं म्हणून सगळी खोली हसली. चार महिन्यांनी कागद हातात पडला तर त्यात घाटाखालच्या गावाचं दिवसाचं कमाल आणि किमान! मला हवं होतं घाटमाथ्यावरचं रात्री साडेनऊचं, बेडकापासून वीतभर अंतरावरचं. चार रजा गेल्या त्यात. असो, तो विषय काढला की बीपी वाढतं.

पुढच्या वर्षी एकच नर धरून बसलो (धरून म्हणजे हात लावून नाही, त्याला वनखात्याची परवानगी लागते). तीच कारवीची फांदी, तोच पठ्ठ्या, रात्री ८ ला २३ अंश आणि पहाटे ४ ला १९. पहाटेची टिकटिक स्पष्ट मंदावलेली. माझी नवी प्रजात तिथेच वारली.

आता तुमचा दुसरा प्रश्न. आवाजाने प्रजाती खरंच वेगळ्या राहतात. अमेरिकेत राखाडी झाडबेडकांच्या दोन प्रजाती आहेत, डोळ्यांना अजिबात ओळखू येत नाहीत, पण एकीत गुणसूत्रं २४ (दोन संच) आणि दुसरीत ४८ (चार संच). २४ वाल्या नराच्या हाकेतल्या ठोक्यांचा (आपल्या टिकटिकीसारखेच ते) वेग दुसऱ्याच्या साधारण दुप्पट. मादी चुकीच्या नराकडे गेली तर पिल्लं गुणसूत्रांच्या तीन संचांची आणि बहुतेक निकामी होतात, त्यामुळे तिला कान तिखट ठेवावेच लागतात. गंमत म्हणजे उबदार रात्रीचा संथवाला हा गारठलेल्या वेगवाल्याच्या जवळ जाऊ शकतो, म्हणजे माझीच अडचण! पण गेरहार्ट नावाच्या संशोधकाने १९७८ मध्ये दाखवलं की तापमान वाढलं की मादीची आवडही त्याच बाजूला सरकते. म्हणजे तिचा गोंधळ होत नाही, होतो तो माझ्यासारख्यांचा.

मग फरक मुळात पडतो कुठून? त्याच बेडकांत प्रयोगशाळेत तीन संचांचे बेडूक तयार केले तर नुसती संचांची संख्या वाढल्यानेच ठोके मंदावले, आणि माद्यांची पसंतीही त्याच दिशेला गेली. हाक आणि कान एकदम बदलले की नवा गट बाजूला पडायला फार वेळ लागत नाही. पण प्रत्येक ठिकाणी असंच होतं असं समजू नका. ऑस्ट्रेलियात लिटलजॉनने १९६५ मध्ये दोन झाडबेडकांचं दाखवलं, जिथे ते वेगवेगळे राहतात तिथे हाका बऱ्याच सारख्या, आणि जिथे एकत्र राहतात तिथे ठोक्यांच्या वेगात चांगलीच फारकत. चुकीची जोडी महागात पडते म्हणून फरक वाढत जातो, अशी त्यामागची समजूत.

त्यामुळे माझं मत (पटलं नाही तर सोडून द्या): ठोक्यांच्या वेगावर एकट्यावर काही ठरवू नका. मुख्य फ्रिक्वेन्सी (आवाज किती बारीक किंवा जाड ते) पण मोजा, ती बरीचशी शरीराच्या आकारावर अवलंबून असते, तापमानाने तितकी हलत नाही. आणि तरीही आवाज म्हणजे फक्त संशय. ब्रिटनमधल्या छोट्या पिपिस्ट्रेल वटवाघळांत काही ४५ किलोहर्ट्झला आणि काही ५५ ला ओरडतात हे लक्षात आलं, पण दोन प्रजाती म्हणून शिक्कामोर्तब झालं ते डीएनए बघून.

नावावरूनही जागा ठरवू नका. 'बॉम्बेएन्सिस' बुश फ्रॉग १९१९ मध्ये मुळात वर्णन केला तो कॅसलरॉकचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातला. तेव्हा तो भाग मुंबई इलाख्यात होता, एवढाच मुंबईचा संबंध.

बाकी, व्हॉट्सॲपवर आलेल्या फाईलवर मोजमाप करू नका, दाबून चेपून आलेली असते ती, मूळ वेव्ह फाईल ठेवा. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, वेळ, तापमान तोंडाने बोला, वही भिजते, फाईल भिजत नाही. रेकॉर्डिंग वाजवून नराला पुन्हा पुन्हा डिवचू नका, बिचारा रात्रभर दमतो. आणि नेमकी जागा पोस्टमध्ये टाकलीत ती काढा प्लीज, शनिवार-रविवारी तिथे वीस कॅमेरे आणि फ्लॅश येतील.

तापमान नसेल तर निदान एवढं आठवून सांगा, जुलैच्या त्या रात्री आधी किती दिवस सलग पाऊस होता, आणि तुम्ही स्वेटर घातला होता का?