परसातल्या कोंबड्या : अंडी फोडून खातात, काय करावं?

प्रश्न : आमच्याकडे सहा ग्रामप्रिया (सुधारित जातीच्या) आणि दोन गावठी कोंबड्या आहेत. पाऊस सुरू झाल्यापासून रोज एक-दोन अंडी कमी भरतात. खोक्यातला पेंढा ओला, चिकट लागतो. कधी टरफलाचा तुकडा मिळतो. खायला घरचं शीत, कोंडा आणि थोडी खोबऱ्याची पेंड देतो. अंडी खाणारी कोंबडी सुधारत नाही, ती कापावी, असं शेजारी म्हणतात. खरं आहे का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : कापायची घाई करू नका. धडधाकट अंडं फोडून खायचं हे कोंबडीला सहसा आपणहून सुचत नाही. पातळ कवचाचं एखादं अंडं आधी तिच्या वजनाने किंवा पायाखाली फुटतं, तिला बलकाची चव कळते, मग ती चोच मारायला शिकते आणि तिचं बघून बाकीच्याही शिकतात. मूळ कारण तसंच ठेवून एक कोंबडी कापलीत, तर महिन्याभरात दुसरी तेच करू लागेल. तेव्हा आधी अंडं फुटणं थांबवा.

अर्धं कारण तुम्ही लिहिलेल्या खाण्यातच आहे. एका अंड्याच्या कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. शितात आणि कोंड्यात ते नावापुरतंच. शिवाय कोंड्यातलं फायटेट नावाचं द्रव्य खाण्यातलं कॅल्शियमही बांधून ठेवतं, म्हणजे आहे तेही अंगी लागत नाही. पेंडीत प्रथिनं बरी असली तरी लायसिन आणि मिथिओनिन हे प्रथिनांतले गरजेचे घटक कमी पडतात. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात 16 ते 18 टक्के प्रथिनं आणि 3.5 ते 4 टक्के कॅल्शियम हवं. उन्हाळ्यात परसात फिरून किडे-गांडुळं खाऊन ती थोडीफार भर काढते. पावसात दिवसभर खुराड्यात कोंडली की तेही बंद आणि चोचीला उद्योगही नाही. पावसापासून अंडी जायला लागली, त्याचं कारण बहुधा हेच.

कोंडलेल्या दिवसांत कोंबडीमागे 110 ते 120 ग्रॅम लेयर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार भरड खाद्य) धरा, म्हणजे आठ जणींना एक किलोच्या आत-बाहेर. शीत संध्याकाळी मूठभर, तेही मॅश संपल्यावर. सुका जवळा देणार असाल तर खारटपणा जाईपर्यंत धुऊन द्या. मीठ कोंबडीला बाधतं. पाण्याचं भांडं दिवसभर भरलेलं असू दे. तहानलेली कोंबडी ओल्या बलकाकडे लवकर वळते.

कॅल्शियमसाठी गोव्यात पैसे खर्चायची गरज नाही. तिसऱ्या, कालवं, शिनाण्या असे शिंपले खाऊन झाले की टरफलं टाकू नका. कालवणातलं तेल-मसाला निघेपर्यंत ती धुवा, खडखडीत वाळवा, गोणपाटात गुंडाळून दगडाने कुटा आणि चाळा. तांदळाच्या दाण्यापासून मसुरीएवढे, म्हणजे 2 ते 4 मिलिमीटरचे तुकडे हवेत. खालची पूड फारशी कामाची नाही : ती पोटातून लगेच पुढे सरकते. तुकडे पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटाच्या भागात, रेंगाळतात आणि हळूहळू विरघळतात. कवच तयार व्हायला जवळजवळ 20 तास लागतात आणि त्यातला बराच काळ रात्रीचा, कोंबडी काही खात नसतानाचा असतो. त्या वेळी हाच साठा उपयोगी पडतो. हे तुकडे मॅशमध्ये मिसळू नका, वेगळ्या वाटीत ठेवा. जिला हवे ती हवे तेवढे उचलते. भाजलेला चुना मात्र कधीही देऊ नका, तोंड आणि अन्ननलिका भाजते. अंड्यावर न आलेल्या तलंगांना लेयर मॅश नको; जादा कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडं बिघडतात.

आता खोकं. चार-पाच कोंबड्यांना एक, म्हणजे तुम्हाला दोन पुरतील. 12 इंच लांब, 12 रुंद, 14 उंच, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर, पुढे 4 इंचांची पट्टी. रात्री बसायचा दांडा खोक्यापेक्षा उंच बांधा, नाहीतर कोंबड्या खोक्यातच झोपून घाण करतात. पेंढा भरपूर घातला तरी अंडं का तडकतं, हे बघायचं तर खोक्याच्या मधोमध हात घाला. कोंबडी बसताना उकरून खळगा करते, पेंढा कडेला जातो आणि अंडं उघड्या फळीवर आपटतं. म्हणून तळाशी काथ्याची जुनी पायपुसणी खिळ्यांनी पक्की करा आणि वर 3 इंच पेंढा घाला. पावसात दर तीन-चार दिवसांनी तो बदला. ओल्या पेंढ्याला बुरशी धरते आणि तिने कोंबड्यांची फुप्फुसं बिघडतात. पुढच्या तोंडावर गोणपाटाचा पडदा सोडा. काळोखात अंडं दिसलं नाही की चोचही पडत नाही.

बहुतेक अंडी सकाळी दहा-अकराच्या आत पडतात. आठ, दहा आणि बारा वाजता उचला. एकदाच संध्याकाळी उचलायची सवय असेल, तर बाकीचे उपाय निम्मेच लागू पडतील.

चोर ओळखायचा तर दुपारी एकेकीला हातात घेऊन चोचीची मुळं आणि खालची पिसं बघा. सुकलेला बलक पिवळ्या पापुद्र्यासारखा चिकटलेला दिसतो. अशी कोंबडी आठ-दहा दिवस वेगळी ठेवा.

एवढं करूनही थांबलं नाही, तर घरंगळत्या तळाचं खोकं करा. खात्रीचा उपाय हाच. 14 इंच खोलीच्या खोक्यात तळ पुढून मागे 2 इंच उतरता ठेवा. मागच्या भिंतीत तळालगत अडीच इंचांची फट सोडा आणि तोच उतार बाहेर 8 इंच वाढवून झाकणाची पेटी करा. फटीवर जाड कापडाची झालर लावा, म्हणजे अंडं जातं पण कोंबडी मान घालत नाही. तळावर प्लॅस्टिकच्या हिरवळीची चटई बसवा. पेंढा इथे चालत नाही, अंडं अडून राहतं. पेटीच्या शेवटी काथ्या ठेवा, नाहीतर दुसरं अंडं पहिल्यावर आपटून दोन्ही तडकतात. उतार याहून जास्त केलात तर कोंबडी आत बसायलाच तयार होत नाही आणि कोपऱ्यात जमिनीवर अंडं घालते.

प्रश्न : अंड्यात मिरचीपूड भरून ठेवली, तीही फस्त झाली! चोचीचं टोक कापलं तर?
– एक वाचक, काणकोण

उत्तर : मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही. ज्या संवेदकामुळे आपली जीभ भाजते, तो पक्ष्यांत मिरचीतल्या तिखट घटकाला दाद देत नाही. मोहरीच्या लगद्याने एखादी कोंबडी बिचकते, पण भरवसा धरू नका. त्यापेक्षा प्रत्येक खोक्यात दोन लाकडी किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसची अंडी ठेवा. कितीही टोचलं तरी काही मिळत नाही आणि बऱ्याच जणी नाद सोडतात. चोच अजिबात कापू नका. तिच्या टोकापर्यंत नसा असतात, वेदना दीर्घकाळ राहतात आणि खाणंही कमी होतं.

प्रश्न : आमची अंडी टरफलासकट नाहीशी होतात. पेंढा कोरडाच असतो. हीसुद्धा कोंबडीच का?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : नाही. कोंबडीने खाल्लं तर ओल राहतेच. कोरडा पेंढा आणि टरफल नाही, म्हणजे साप किंवा घोरपडीने गिळलं, नाहीतर मुंगूस किंवा घुशीने पळवलं. खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्ड जाळी लावा, चिऱ्यांच्या फटी सिमेंटने बुजवा. तोवर बॅटरी मारून बघितल्याशिवाय खोक्यात हात घालू नका.

प्रश्न : टरफलं तिसऱ्यांची देतो, तरी मे महिन्यात अंडी पातळ येतात आणि फुटली की कोंबड्या खातात.
– एक वाचक, फोंडा

उत्तर : उकाड्यात कोंबडी धापा टाकते, त्यातून शरीरातला कर्बवायू जास्त बाहेर पडतो आणि कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. शिवाय खाणंही घटतं. मॅश पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्या, पत्र्यावर झावळ्या घाला, दुपारी पाणी बदला. मात्र बऱ्याच जणींची अंडी एकदम सुरकुतलेली किंवा वेडीवाकडी येऊ लागली आणि सोबत शिंका, घरघर असेल, तर तो उकाडा नव्हे. राणीखेत हा रोग किंवा श्वासनलिकेचा संसर्ग असू शकतो. आजारी कोंबड्या वेगळ्या करा आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाताना तसली दोन अंडीही सोबत न्या.